मालमोटारीचा चेहरा

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



महामार्गाच्या आसपास ज्यांचे बालपण गेले, त्यांना एक दृश्य हमखास आठवत असेल. एकामागून एक आठ-दहा वाहने रांगेने जात. त्यांना ना छप्पर, ना दारे, ना हौदा. पुढे इंजिन, त्यावर पत्र्याचे बोनेट, मागे लांबच लांब उघडा लोखंडी सांगाडा, आणि मध्ये एका लाकडी खोक्यावर बसलेला माणूस. तोंडाला फडके गुंडाळलेले, डोळ्यांवर धुळीचा चश्मा. ऊन असो, पाऊस असो, पौषातली थंडी असो, तो ते अर्धे वाहन कारखान्यापासून शेकडो कोस दूरच्या विक्रेत्याच्या दारापर्यंत हाकीत नेई. रस्त्याकडेची पोरे हात हलवीत. तोही एक हात सुकाणूवरून काढून हलवी.

जुन्या मालमोटारीच्या रूपाविषयी जे काही सांगण्यासारखे आहे, ते बहुतेक या एका दृश्यात सामावलेले आहे. ती गाडी कारखान्यातून अर्धीच बाहेर पडत असे. तिचा चेहरा कारखान्याचा, पण बाकीचा देह ज्या गावी ती पोहोचे त्या गावच्या सुतार-लोहारांचा. आणि त्या दोहोंच्या मध्ये, उघड्यावर, एक माणूस बसलेला असे.

आज त्या जुन्या ट्रकांविषयी लोकांच्या मनात मोठे आकर्षण दिसते. उपाहारगृहांच्या भिंतींवर त्यांची चित्रे असतात, मुलांच्या खेळण्यांत त्यांच्या प्रतिकृती असतात, रस्त्यात एखादा पुढे नाक असलेला, गोल डोळ्यांचा जुना ट्रक दिसला तर तरुण मुले थांबून छायाचित्र काढतात. हे केवळ गेलेल्या दिवसांचे स्मरणरंजन आहे, असे म्हणून हा विषय संपवता येईल. परंतु ज्या मुलांनी त्या ट्रकातून कधी प्रवास केला नाही, ज्यांच्या जन्माआधीच ते ट्रक रस्त्यावरून ओसरू लागले होते, त्यांनाही तो चेहरा आवडतो. म्हणजे आवडण्याचे कारण केवळ पाहणाऱ्याच्या आठवणीत नाही, वस्तूतही आहे. ते कोणते, आणि त्या सौंदर्याची किंमत कोणी चुकवली, या दोन प्रश्नांचा विचार येथे करायचा आहे.

प्रथम थोडा इतिहास. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भारतात मोटारनिर्मितीचे स्वप्न पाहणाऱ्यांत सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद अग्रणी होते. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या सहकार्याने मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज व फार्गो या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. बंगालमध्ये हिंदुस्थान मोटर्सने बेडफर्ड ट्रक बनवले. मद्रासमध्ये १९४८ साली सुरू झालेल्या अशोक मोटर्सचे १९५५ मध्ये अशोक लेलँड झाले आणि तिचा कॉमेट ट्रक दक्षिणेत घरोघरी माहीत झाला. जबलपूरला मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्याने तयार झालेला 'शक्तिमान' सैन्याचा भार वाहू लागला.

पण जनमानसावर ठसला तो जमशेदपूरचा ट्रक. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्को कंपनीने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिला टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक कारखान्यातून बाहेर आला. जाळीवर तीन टोकांचा तारा, फुगीर बोनेट, दोन्ही बाजूंना स्वतंत्र गोलाकार मडगार्ड. १९६९ मध्ये करार संपला, ताऱ्याच्या जागी वर्तुळातला इंग्रजी 'टी' आला. परंतु चेहऱ्याची ठेवण पुढे कित्येक वर्षे ओळखता येईल अशीच राहिली. या काळात टेल्कोची धुरा दीर्घकाळ सुमंत मुळगावकर यांच्याकडे होती. १९९४ मध्ये आलेल्या 'सुमो' गाडीचे नाव त्यांच्याच नाव-आडनावाच्या इंग्रजी लेखनातील पहिल्या दोन-दोन अक्षरांवरून ठेवले गेले, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता त्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहावे. त्यातील एकही वळण निव्वळ शोभेसाठी नव्हते. इंजिन लांब होते, एका ओळीत सहा सिलिंडर मांडलेले. म्हणून नाक लांब. रेडिएटरला वारा हवा. म्हणून समोर जाळी. पातळ पत्रा सपाट ठेवला तर थरथरतो, त्याला बाक दिला तर तोच पत्रा ताठ होतो. म्हणून बोनेट फुगीर आणि मडगार्ड गोल. दिव्यामागचा आरसा वाटीसारखा असल्याखेरीज प्रकाशाचा झोत सरळ पडत नसे. म्हणून दिवे गोल. अमेरिकेत तर १९४० पासून सात इंच व्यासाचा सीलबंद गोल दिवा हेच प्रमाण ठरले होते. वक्र काच बनवणे खर्चाचे आणि गावोगाव मिळणे अवघड. म्हणून समोर दोन सपाट काचा आणि मध्ये उभी पट्टी. चाक वर-खाली होताना त्याला मोकळी जागा हवी. म्हणून मडगार्डाची उंच कमान.

हे सारे एकत्र आले की त्यातून एक चेहरा उमटे : दोन डोळे, नाक, तोंड, गाल. तो चेहरा कोणी मुद्दाम रेखाटला नव्हता, गरजेतून तो आपोआप घडला होता. यंत्राची कोणतीही माहिती नसलेल्या मुलालाही इंजिन कोठे आहे, वारा कोठून शिरतो, चालक कोठे बसतो हे पाहताक्षणी कळे. बोनेट उचलले की पंप, फिल्टर, पंख्याचा पट्टा सारे हाताच्या अंतरावर. मडगार्ड चेपले तर बोल्ट काढून ते सुटे करता येई आणि रस्त्याकडेचा कारागीर लाकडी हातोड्याने ठोकून ते पुन्हा आकारात आणी. टाटांच्या ट्रकांचे आकडेसुद्धा असेच बोलके होते. १२१० म्हणजे बारा टनांची, शंभर अश्वशक्तीची गाडी. ४०७ म्हणजे चार टन आणि सत्तर अश्वशक्ती. नाव वाचले की क्षमता कळे, रूप पाहिले की रचना कळे. जुन्या ट्रकच्या आकर्षणाचे पहिले कारण हे आहे : तो वाचता येत असे.

दुसरे कारण कारखान्याबाहेरचे आहे. उघडा सांगाडा गावी पोहोचला की 'बॉडी बांधायला' जाई. तामिळनाडूतील नामक्कल, पंजाबातील सरहिंद अशी गावे याच धंद्यावर नावारूपाला आली. सुतार केबिनचा लाकडी साचा उभा करी, लोहार पट्ट्या आणि बिजागऱ्या बसवी, हौद्याला फळ्या लागत, मागे फाळका चढे. बैलगाडी, होडी, घराचे तुळईकाम यांत मुरलेले हात या कामी येत. म्हणून एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन ट्रक महिन्याभराने रस्त्यावर आले की एकसारखे दिसत नसत. एकाच्या टपावर कोरीव कठडा, दुसऱ्याच्या दारावर मोर. सीमेपलीकडे पेशावर, रावळपिंडी आणि कराचीच्या कारागिरांनी बेडफर्ड ट्रकांच्या कपाळावर जो भव्य मुकुट चढवला, तो याच परंपरेचा अधिक नटलेला भाऊ.

मग पेंटर येई. त्याला मोकळीक होती असे नव्हे. राष्ट्रीय परवान्याच्या ट्रकला कोणता रंग असावा हे केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ठरवून दिलेले होते : वाळल्या पानाचा तपकिरी, त्याला तीस सेंटिमीटर रुंदीची पांढरी किनार, आणि दोन्ही बाजूंना 'नॅशनल परमिट' ही अक्षरे. पण सरकारने रंग आणि किनार सांगितली. किनारीच्या आत काय काढायचे ते सांगितले नाही. त्या उरलेल्या जागेत पेंटरने कमळ काढले, गरुड काढला, वासराला चाटणारी गाय काढली, दृष्ट लागू नये म्हणून राक्षसाचे तोंड काढले. 'हॉर्न ओके प्लीज' ही तर सगळ्या देशाची समान ओळ झाली. त्याखाली मालकाच्या घरातील मुलांची नावे, कुलदैवत, आणि एखादे सुभाषित.

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी कुटुंबांना या मागच्या फाळक्याचे मोल वेगळे सांगायला नको. ज्या प्रांतात दुकानाच्या पाटीवर मराठी दिसत नाही, वर्तमानपत्र एक दिवस उशिरा येते, शाळेच्या फाटकाबाहेर पडले की दुसरी भाषा सुरू होते, तेथे एखाद्या घाटात पुढे चाललेल्या ट्रकवर 'आई तुळजाभवानी प्रसन्न' किंवा 'आईचा आशीर्वाद' ही अक्षरे दिसावीत आणि मागच्या गाडीतल्या मुलाने ती मोठ्याने वाचावीत, हा अनुभव कित्येक घरांत आहे. वडील मुद्दाम त्या ट्रकला ओलांडून पुढे जाण्याची घाई करीत नसत. पुढच्या धाब्यावर चालकाला गाव विचारले जाई, आणि सांगली, नगर किंवा जळगावचे नाव ऐकून क्षणभर घरचे कोणी भेटल्यासारखे वाटे. त्या अक्षरांचे वळण कोणत्याही छापखान्याचे नव्हते. एका पेंटरने उकिडवे बसून, कुंचल्याने, हाताने ती काढलेली असत.

येथवर जे सांगितले ते रस्त्याच्या कडेला उभे राहून सांगितलेले आहे. आता ट्रकच्या आत बसून पाहिले पाहिजे.

लाकडी केबिनमध्ये चालकाच्या गुडघ्याशी इंजिनची धग असे. अनेक गाड्यांत इंजिनचा मागचा भाग केबिनमध्येच शिरलेला असे. वैशाखात त्या केबिनमध्ये दहा-बारा तास काढणे म्हणजे भट्टीशेजारी बसणे. सुकाणूला यांत्रिक साहाय्य नव्हते. भरलेला ट्रक वळवताना खांदे भरून येत. गिअर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे. बसायची जागा म्हणजे फळीवर अंथरलेली गादी. आवाजाने कान कायमचे अधू होत. आणि समोरासमोर धडक झाली तर कोरीव काम केलेल्या त्या सुंदर लाकडी केबिनच्या ढलप्या होत. आतल्या माणसाला वाचवण्यासाठी तिच्यात काहीही नव्हते. लांब फुगीर नाकामुळे गाडीच्या अगदी पुढ्यात आलेले लहान मूल चालकाला दिसत नसे. जे रूप रस्त्यावरून साजिरे दिसे, त्याची किंमत चालक आणि क्लीनर अंगावर सोसून भरीत होते.

आधुनिक ट्रकचे रूप या दोषांना उत्तर म्हणून आले आहे, हे मान्य केल्याशिवाय तुलना न्याय्य होणार नाही. नाक गेले त्यामागे साधे गणित आहे. कायद्याने वाहनाच्या एकूण लांबीला मर्यादा घातली की नाकाला दिलेली प्रत्येक वीत हौद्यातून वजा होते. म्हणून चालकाला इंजिनच्या वर बसवले गेले आणि चेहरा सपाट झाला. वेग वाढला तसा वाराही हिशेबात आला : वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो. ताशी चाळीस किलोमीटरने जाणाऱ्या ट्रकला टपावरचा कठडा परवडे. ऐंशीने जाणाऱ्याला त्याचे डिझेल मोजावे लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनी धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांना सांगाड्यावर जागा मागितली. धडकेत आतल्या माणसाभोवती जगण्यापुरती जागा शाबूत राहिली पाहिजे, अशी कसोटी केबिनला आली. ती लाकडाने पुरी होणे शक्य नव्हते. आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू वाहनांची केबिन वातानुकूलित असणे आपल्या देशात बंधनकारक झाले. त्या जुन्या भट्टीला मिळालेले हे उत्तर फार उशिरा आले, पण आले.

वाहनाचा चेहरा केवळ कलाकाराच्या कल्पनेतून येत नाही, कायद्यातूनही येतो, याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथे एकूण लांबीवर बंधने होती तोवर सपाट तोंडाचे ट्रक भरपूर होते. १९८२ च्या संघीय कायद्याने आंतरराज्य महामार्गांवर ट्रक आणि ट्रेलर मिळून होणाऱ्या एकूण लांबीची अट उठवली, आणि लांब नाकाचा ट्रक तेथे पुन्हा राजा झाला. युरोपात लांबीची मर्यादा राहिली, म्हणून तेथील चेहरा सपाट राहिला. २०२० पासून युरोपने सुरक्षितता आणि इंधनबचत यांसाठी केबिन थोडी पुढे नेण्यास मुभा दिली, आणि लगेच २०२१ मध्ये डाफ या डच कंपनीने किंचित गोलाई घेऊन पुढे आलेल्या चेहऱ्याचा ट्रक आणला. त्याच वर्षी लंडन शहराने अवजड वाहनांच्या चालकाला काचेतून थेट किती दिसते याची प्रतवारी लावून मगच शहरात प्रवेश देण्यास सुरुवात केली. त्यामुळे खिडक्यांच्या काचा खाली उतरल्या. अर्थात, गरजेतून चेहरा घडण्याची प्रक्रिया आजही थांबलेली नाही.

परंतु आजच्या रचनेत दुसरीही एक प्रवृत्ती आहे, आणि जुन्याची ओढ वाटण्यामागे तिचा मोठा हात आहे. ही प्रवृत्ती म्हणजे दटावण्याची. अमेरिकेतील पिकअप ट्रक आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या गाड्या पाहाव्यात. बोनेट छातीइतके उंच, जाळी भिंतीसारखी, दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे. यातील पुष्कळसे कामासाठी नसते, भासासाठी असते. वारा न घेणारी खोटी भोके असतात. विजेवर चालणाऱ्या, फारसा वारा न लागणाऱ्या गाडीलाही जाळीचे सोंग असते. आणि हे सोंग निरुपद्रवी नाही. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांचे बोनेट ४० इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे एका मीटरपेक्षा, उंच आहे त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. जुन्या केबिनची किंमत आत बसलेला चुकवीत होता. या नव्या रुबाबाची किंमत बाहेरून चालणारा चुकवतो.

यावर उपाय म्हणून जुने रूप नव्या गाडीवर चढवून पाहण्याचेही प्रयोग झाले. शेव्हरोले कंपनीने १९४७ ते १९५५ या काळात काढलेले गोल गालांचे ट्रक अमेरिकेत आजही लाडके आहेत. त्याच चेहऱ्याची आठवण करून देणारी एसएसआर नावाची गाडी तिने २००३ मध्ये आणली. तिच्या मडगार्डांचा आकार जुनाच होता, पण तो बाक आता पत्र्याला ताठ करण्यासाठी नव्हता, आठवण विकण्यासाठी होता. २००६ मध्ये ती बंद झाली. आजोबांचा फेटा बांधल्याने नातू आजोबा होत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा जुन्या ट्रकमधून पुढे न्यावे असे काय आहे? आकार नव्हे, धग नव्हे, ढलप्या होणारी केबिन तर नव्हेच. न्यावा तो वाचता येण्याचा गुण : वस्तूने आपली रचना लपवू नये, आणि ती बिघडली तर रस्त्याकडेच्या कारागिराला तिच्यात हात घालता यावा. आज बोनेटखाली एक काळे झाकण असते आणि त्याखाली काय आहे ते संगणक जोडल्याशिवाय कळत नाही. यातील काही भाग अपरिहार्य आहे. काही भाग केवळ कारागिराला दूर ठेवण्यासाठी आहे. या दोहोंमधला फरक ग्राहकाने विचारला पाहिजे.

दुसरी गोष्ट, हाताला ठेवलेली जागा. आता केबिन पूर्णपणे कारखान्यात बनते, हौदाही पुष्कळदा तयार येतो. त्यामुळे चालक सुरक्षित झाला; पण बॉडी बांधणाऱ्या सुताराचे आणि पेंटरचे काम आटले. कुंचल्याच्या जागी छापील चिकटपट्ट्या आल्या. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्कश भोंग्यांना उत्तेजन मिळते म्हणून 'हॉर्न ओके प्लीज' लिहिण्यास मनाई केली. त्यामागचे कारण रास्तच होते, पण पेंटरच्या हातचे एक हुकमी वाक्य गेले. काही पेंटर आता किटल्या, पेट्या आणि पाट्यांवर तीच कमळे आणि तेच मोर रंगवून शहरी घरांना विकतात. कला जगते हे चांगलेच, परंतु दिवाणखान्यातला मोर घाटातून जात नाही. त्याला पाहून कोणत्याही मुलाला परमुलखात आपली भाषा वाचायला मिळत नाही. केबिन पोलादाची आणि थंड असावी, आणि तरीही फाळक्यावर चार हात रंगाची जागा पेंटरसाठी असावी, यात काहीही विसंगत नाही. नियमाने एकेकाळी किनार आखून आतली जागा सोडली होती. तेवढे शहाणपण आजही पुरेल.

शेवटी, ज्या दृश्यापासून सुरुवात झाली त्याच्याकडे पुन्हा वळावे. उघड्या सांगाड्यावर, लाकडी खोक्यावर बसून जाणारा तो माणूस जुन्या ट्रकच्या कोणत्याही चित्रात दिसत नाही. चित्रात गोल दिवे असतात, मोर असतो, कमळ असते. तो नसतो, कारण तो असला तर चित्राकडे पाहताना ऊन लागेल. आजचा चालक बंद काचेआड, गारव्यात बसतो. रस्त्याकडेच्या मुलाने हात हलवला तर कदाचित त्याला तो दिसणारही नाही. पण तो धडकेतून वाचण्याची आशा अधिक आहे, आणि रात्री घरी पोहोचल्यावर त्याच्या कानात इंजिन घुमत राहत नाही. जुन्या रूपावर प्रेम करणाऱ्याने हा सौदा मनापासून मान्य करावा, आणि मगच त्या मोराचे, त्या अक्षरांचे आणि त्या गोल गालांच्या चेहऱ्याचे खुशाल कौतुक करावे.